एकेचाळीस दिवसांची हजेरी

वडिलांच्या सैन्यातून सुटल्याच्या दाखल्यावर नऊ ओळी होत्या. पहिल्या आठ सरळ होत्या: क्रमांक, उंची, छातीचं माप, तुकडी, काम. काम या शब्दापुढे लिहिलं होतं, 'खेचर हाकणारा'. नववी ओळ मात्र वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने लिहिलेली होती. 'एकेचाळीस दिवस विनापरवाना गैरहजर. पळून गेला असावा.'

वडिलांना वाचता यायचं, पण अक्षर लावत लावत. त्यामुळे युद्ध संपून ते घरी आले त्या दिवशी तो कागद पहिल्यांदा वाचला थोरल्या काकांनी, आणि तोही मोठ्याने, भेटायला आलेल्या दहा-बारा माणसांसमोर. काकाही सैन्यातून आले होते, पण ते कोठाराच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांचा दाखला स्वच्छ होता. नववी ओळ वाचून ते थांबले. वडील म्हणाले, "मी खेचराबरोबर गेलो होतो. वर खिंडीत." काका हसले आणि म्हणाले, "मग आता खेचराला साक्षीला आणतोस का?" त्यावर सगळी खोली हसली. आई तेव्हा एकवीस वर्षांची होती. ती आत चहा गाळत होती, आणि आपल्या नवऱ्याला सगळे का हसले हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर वडिलांनी तो विषय काढला नाही. लाकडाच्या वखारीत कामाला लागले, तिथेच म्हातारे झाले. उजव्या हातावर कोपराखाली दातांचा जुना अर्धगोल वण होता. मी लहानपणी विचारलं तर म्हणायचे, "मैत्रीण चावली." आमच्या नगर कचेरीच्या भिंतीत एक दगड आहे, त्यावर युद्धावर गेलेल्या एकशे बारा जणांची नावं कोरली आहेत. काकांचं नाव वरून सहावं आहे. वडिलांचं नाही. शाळेत मुलं मला 'पळपुट्याची पोर' म्हणायची. त्यात मी धावण्याच्या शर्यतीत दरवर्षी पहिली यायचे, म्हणजे त्यांना आयतंच कोलीत मिळायचं.

वडील जाऊन बावीस वर्षं झाली. मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि आईजवळ राहायला आले. ती एक्याण्णव वर्षांची. तीन वर्षांपूर्वी छातीत पाणी झालं म्हणून तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आणलं त्या संध्याकाळी तिने मला दाखल्याची घडी काढायला सांगितली, नवव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मी आहे तोवर ही ओळ खोडून आण. मी गेल्यावर खोडून काय उपयोग, तेव्हा काय मी बघायला येणारे?"

मी तिला हो म्हटलं. कसं करायचं असतं हे मला अजिबात ठाऊक नव्हतं.

चौकशी करता दोन गोष्टी कळल्या. सैन्याचे जुने कागद एका दफ्तरखान्यात ठेवलेले असतात आणि ते कुणालाही बघता येतात. आणि अशा नोंदी तपासण्यासाठी एक समिती असते, ती वर्षातून दोनदा बसते. समितीला पुरावा लागतो, म्हणजे त्या काळातला, त्या काळच्या माणसाने लिहिलेला कागद. मुलीचं प्रेम पुराव्यात धरत नाहीत.

दफ्तरखाना आमच्या घरापासून बसने दीड तासावर होता. वाचनाची खोली लांबट, उंच खिडक्यांची. सहा टेबलं, प्रत्येकावर हिरवा कापडी पृष्ठभाग आणि पुस्तक टेकवायला फोमची उशी. दाराशी ज्या बाई बसायच्या त्या आल्यागेल्याचं पेन काढून घ्यायच्या आणि हातात पेन्सिल द्यायच्या. शाईचा एक थेंब सत्तर वर्षांच्या कागदावर पडला तर तो पुसता येत नाही, म्हणून. त्यांना सगळे पेन्सिलबाई म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पिशवीतून चार पेनं काढली, अंबाडा जरा हलवून बघितला आणि तिथून पाचवं काढलं. ते तिथे असल्याचं मीच विसरले होते. "शिक्षिका ना?" म्हणाल्या.

कागद शोधणं म्हणजे काय, ते इथे नीट सांगते, कारण मला स्वतःला ते उशिरा कळलं. एखाद्या माणसाबद्दलचं सगळं एका फायलीत बसलेलं नसतं. ज्याने ज्या कामासाठी लिहिलं, त्याच्या कपाटात ते राहतं. स्वयंपाक्याने किती तोंडं जेवली ते लिहिलेलं असतं, डॉक्टरने किती ताप आले ते, आणि हजेरी घेणाऱ्याने किती माणसं उभी होती ते. तिघांनी एकाच माणसाबद्दल लिहिलेलं असतं, पण तिघांनी एकमेकांचं वाचलेलं नसतं.

मी सुरुवात केली हजेरीपटापासून. वडिलांच्या तुकडीचे हजेरीपट, रजेची पुस्तकं, शिक्षांची पुस्तकं, आजाऱ्यांच्या याद्या. आठवड्यातून दोन दिवस जायचे. एका वेळी एकच पेटी मिळायची, ती परत केली की दुसरी. एक वर्ष गेलं. ते एकेचाळीस दिवस मला सापडले. ओळीने एकेचाळीस फुल्या, एकाच कारकुनाच्या हातच्या. बेचाळिसाव्या दिवशी 'हजर'. मधे एक अक्षर नाही. शिक्षेच्या पुस्तकातही काही नाही, आणि ते मला विचित्र वाटलं. पळून गेलेला माणूस आपल्या पायांनी परत येतो आणि त्याला कुणी साधा जाबही विचारत नाही? पेन्सिलबाईंनी त्याचं उत्तर शोधून दिलं. तुकडीचा प्रमुख आणि त्याच्या कचेरीतली दोन माणसं त्या एकेचाळीस दिवसांतल्या पाचव्या दिवशी तोफगोळ्याने मेली होती. वडील परतले तेव्हा वरची सगळी माणसं नवी होती. वडिलांना कुणी कुठे पाठवलं होतं हे सांगणारा कुणी उरला नव्हता, आणि कारकुनाने समोर फुल्या दिसल्या म्हणून शेरा मारून टाकला होता.

म्हणजे वडील खरं बोलत असतील ही शक्यता वाढली. पण शक्यता घेऊन समितीपुढे जाता येत नाही.

दुसरं वर्षही तसंच गेलं. मी शेजारच्या तुकड्यांचे हजेरीपट काढले. कुणी तरी पाहुणा माणूस म्हणून त्यांना लिहिलं असेल, या आशेने. काही नाही. शेवटचा पट बघून झाला त्या दिवशी घरी आले तेव्हा माझे डोळे लाल झाले होते आणि पायांनी संप पुकारला होता. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सांगितलं की एकोणीस तुकड्यांची माणसं बघून झाली, बाबा कुठेच नाहीत.

"माणसांत काय शोधतेस?" आई घडीवरून नजर न काढता म्हणाली. "ह्यांना माणसांत धरलं होतं कुणी? खेचरांत बघ."

ती रागाने म्हणाली होती, जगावरच्या. मी मात्र हातातला पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दफ्तरखाना उघडायच्या आधी मी पायरीवर उभी होते. पेन्सिलबाई किल्ल्या घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं की सैन्यातल्या जनावरांचे कागद कुठे असतात. त्या म्हणाल्या, पशुवैद्यक खात्याचे असतील तर तळघरात, पण यादीत नाहीत, कारण त्यांच्या नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत ते कुणी मागितलेले नाहीत. मग किल्ल्यांकडे बघत म्हणाल्या, "पण असं कुठे लिहिलेलं नाही, की मागू नयेत."

तळघरातून हातगाडीवर अकरा पेट्या आल्या. आत पुठ्ठ्याची कार्डं, प्रत्येक खेचराचं एक. ती माणसांच्या नावाने लावलेली नव्हती, जनावराच्या खुरावर डागलेल्या क्रमांकाने लावलेली होती. वडिलांच्या खेचराचा क्रमांक मला माहीत नव्हता. पण प्रत्येक कार्डावर उजव्या कोपऱ्यात एक चौकोन होता, 'माणूस', आणि त्यात हाकणाऱ्याचा सैनिक क्रमांक. वडिलांचा सैनिक क्रमांक मला झोपेतही पाठ होता.

एकूण कार्डं अकराशे चाळीस. पेन्सिलबाईंचा चेहरा पडला. माझा नाही. वर्षानुवर्षं तीन तुकड्यांचे पेपर मी तपासले होते, आणि शिवाय या पेपरांत निबंध नव्हते. रोज साठ कार्डं, असं ठरवलं. घाईत बघितलं तर नेमकं हवं ते बोटाखालून निसटतं. खेचरांची मला हळूहळू ओळख होत गेली. एक पाण्याला घाबरायचं. एकाने सुभेदाराची टोपी खाल्ली होती, आणि ते गंभीरपणे, तारखेसह नोंदलं होतं. पेन्सिलबाई मधूनच येऊन विचारायच्या, आज कोण भेटलं. टोपीची गोष्ट त्यांनी वरच्या मजल्यावर जाऊन सांगितली.

बाराव्या दिवशी, सातशे दोन क्रमांकाच्या कार्डावर, उजव्या कोपऱ्यातल्या चौकोनात माझ्या वडिलांचा क्रमांक होता.

मी लगेच पुढचं वाचलं नाही. चष्मा काढून पुसला, परत लावला, आकडे एकेक करून दाखल्याशी ताडून पाहिले. मग वाचलं. 'मादी. काळी. डावा कान फाटका. चावते, स्वतःच्या माणसालाही. ओझ्याखाली शांत.' मैत्रीण कोण, ते मला साठ वर्षांनी कळलं.

कार्ड उलटलं. मागे हालचालींची नोंद होती, जनावर कुठून कुठे गेलं त्याची. पहिल्या फुलीच्या तारखेला लिहिलं होतं: 'खिंडीतल्या रुग्णालयाला उसने. जखमी उतरवण्यासाठी. माणसासह.' खाली पशुवैद्याची सही. आणि बेचाळिसाव्या दिवशी: 'परत आले. माणसासह.'

कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला नियमही होता: 'जनावर उसने देताना त्याचा माणूस बरोबर द्यावा. दुसऱ्याच्या हाती देऊ नये.' खेचर अनोळखी हाताला जुमानत नाही, म्हणून. जनावरांच्या खात्याने आपल्या पद्धतीने काम चोख केलं होतं. जनावर गेलं, लिहिलं, आलं, लिहिलं. माणूस हे त्यांच्या दृष्टीने खेचराबरोबर द्यायचं सामान, लगामासारखं. आणि माणसांच्या खात्यात खेचराचं कार्ड बघायची पद्धत नव्हती.

नालबंदानेही त्याच कार्डावर लिहून ठेवलं होतं. एरवी महिन्यातून एकदा नाल बदललेले. त्या एकेचाळीस दिवसांत तीनदा. एका जागी उभ्या असलेल्या खेचराचे नाल झिजत नाहीत.

मी हात वर केला, वर्गात मूल करतं तसा. या खोलीत हाक मारायची नसते. पेन्सिलबाई आल्या, वाकून वाचलं, आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. वाचकाच्या टेबलाशी बसायला त्यांना मनाई होती. थोड्या वेळाने म्हणाल्या, "खिंडीतल्या रुग्णालयाचं पुस्तक आहे आपल्याकडे. आणते."

त्या पुस्तकात येणाऱ्या प्रत्येक जखमीची एक ओळ होती, आणि एक रकाना होता, 'कसा आला'. पायी, झोळीतून, खेचरावरून. खेचराच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुर्च्या बांधत, एकेका खुर्चीत एक जखमी. त्या खुर्च्या रुग्णालयाच्या होत्या, परत मोजून घ्यायच्या होत्या, म्हणून खेचराचा क्रमांकही लिहीत. आम्ही दोघींनी मिळून सातशे दोन मोजलं. बत्तीस खेपा. एकतीस वेळा दोन माणसं, एकदा एकच. त्या ओळीसमोर शेरा होता: 'दुसऱ्या खुर्चीत तोलासाठी दगड.' एकूण त्रेसष्ट माणसं. बर्फाच्या वाटेने, वरून खाली, आणि परत रिकामं वर.

त्या दिवशी मी घरी आईला काहीच सांगितलं नाही. सहीशिक्क्याच्या नकला हातात यायच्या होत्या, समिती बसायची होती. अर्धं उत्तर बरोबर आलं म्हणून मी कधी फळ्यावर बरोबरची खूण केली नव्हती.

समितीत तीन जण होते. अध्यक्ष निवृत्त अधिकारी, ताठ पाठीचे, पुढ्यात पाण्याचा पेला आणि लाल शाईचं पेन. मी नकला क्रमाने मांडल्या. त्यांनी सगळ्या वाचल्या, दोनदा, आणि मला ते आवडलं. मग ते म्हणाले की हे जनावराचं कार्ड आहे, माणसाचं नव्हे. मी छापलेल्या नियमावर बोट ठेवलं आणि कोपऱ्यातला क्रमांक दाखवला. त्यावर ते म्हणाले की ठीक, माणूस गेला असेल, पण जाताना आपल्या हजेरी घेणाऱ्याला सांगणं हे त्याचं काम होतं. न सांगता गेला तो गैरहजरच.

इथवर मी पाठ करून आल्यासारखी बोलत होते. आता मी कागद बाजूला ठेवले.

"साहेब, मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली," मी म्हणाले. "एकदा मुख्याध्यापकांनी माझ्या वर्गातल्या एका मुलीला व्हरांड्यातूनच बोलावलं आणि पृथ्वीचा गोल दुसऱ्या वर्गात नेऊन द्यायला सांगितलं. तिथल्या बाईंनी तिला तो धरून उभं केलं, तासभर. मी इकडे तिची गैरहजेरी मांडली आणि घरी चिठ्ठी पाठवली. घरी तिला बोलणी बसली. ती सांगत होती की मी शाळेतच होते, पण चिठ्ठी माझ्या हातची, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? चूक तिची नव्हती. पाठवणाऱ्याने मला सांगायला हवं होतं, आणि फुली मारण्याआधी मी विचारायला हवं होतं."

"मग तुम्ही काय केलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर हजेरीपट उघडला, फुली खोडली, आणि ती कुठे होती ते लिहिलं. हजेरीपट दुरुस्त करता येतो, साहेब. मी केलाय."

तिघांपैकी कडेला बसलेले एक जण खाली बघून हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी रुग्णालयाच्या नकला परत ओढल्या आणि बोट ठेवून मोजू लागले, ओठ हलत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "त्रेसष्ट." मग पेन उचललं, मूळ नोंदपुस्तकातल्या त्या ओळीवर आडवी लाल रेघ मारली आणि विचारलं, "आता खाली काय लिहू?"

मला एवढंच सांगायचं होतं की नुसती खोडू नका, खोडलेल्या जागी लोक काहीही वाचतात. जे झालं ते लिहा. त्यांनी लिहिलं. सही केली, आणि मला नक्कल देताना उभे राहिले.

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आई जागी होती. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला, पण तिला चष्मा लावूनही बारीक दिसत नाही, म्हणाली वाच. मी वाचलं: 'वरील शेरा चुकीचा ठरल्याने रद्द. सदर सैनिक एकेचाळीस दिवस कर्तव्यावर हजर. खेचर क्रमांक सातशे दोनसह खिंडीतून त्रेसष्ट जखमी सुखरूप उतरवले. नाव नगराच्या स्मृतिशिलेवर कोरण्याची शिफारस.'

आईने डोळे मिटून ऐकलं. पांघरुणाचा काठ मुठीत धरला होता. तो सोडून ती म्हणाली, "फोन लाव."

थोरले काका चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत आणि त्यांना कमी ऐकू येतं. फोन त्यांनी स्वतः उचलला. मी सांगितलं की बाबांचा कागद दुरुस्त होऊन आलाय. ते म्हणाले, कोण वारलं? मी आवाज चढवला. खिडकी उघडीच होती. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण थांबली. मी वाचायला लागले, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावं तसं. 'रद्द' हा शब्द तीनदा म्हणावा लागला. 'त्रेसष्ट' दोनदा. रस्त्यावरून जाणारे दोघे जण मान वर करून उभे राहिले, आणि मी आवाज खाली आणला नाही.

 मग काकांचा जुना, कागदासारखा आवाज आला. "त्याने सांगितलं का नाही कधी?"

आईने हात पुढे केला. मी तिला फोन दिला.

"सांगितलं होतं ह्यांनी, भावजी," ती म्हणाली, स्वच्छ आणि सावकाश. "पहिल्याच दिवशी. तुम्ही हसला होतात."

काका काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "हो. दगड कोरतील त्या दिवशी या. गाडी पाठवते. तिथे सगळ्यांसमोर हा कागद तुम्ही वाचायचा. त्या दिवशीही तुम्हीच वाचला होता."

तिने फोन माझ्याकडे दिला आणि उशीला पाठ टेकली. चेहरा असा, की एखाद्या मुलीचा वर्गात पहिला नंबर आलाय आणि तिला तो आधीपासूनच माहीत होता. मी विचारलं, काका येणार म्हणाले का.

"येतील. आवाज बसलाय म्हणाले, आतापासून सराव करतो," आई म्हणाली. "आता ते खेचराचं वाच. सगळं. कानापासून."